बाबांच्या जिभेसाठी जिंजर बिअर

दारूबंदी उठली त्या वर्षापासून हैदराबादेत सगळं मिळायला लागलं, असं लोक म्हणतात. हे वाक्य मी अजूनही शांतपणे ऐकून घेऊ शकत नाही. रम मिळायला लागली, व्हिस्की मिळायला लागली, कोपऱ्याकोपऱ्यावर दुकानं उघडली. परदेशी कोला तर त्याआधीच गल्लीबोळांत पोचला होता. मिळत नव्हती ती एक साधी जिंजर बिअर. खऱ्या आल्याची, आंबवलेली, घशातून उतरताना जाळ लावत जाणारी. ती आमच्या सिकंदराबादेत इंग्रजांच्या छावणीच्या काळापासून बनत आली होती. म्हणजे बाजार उघडला आणि घरची होती ती वस्तू बाहेर गेली. याला प्रगती म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं, मी म्हणणार नाही.

मला ती स्वतःसाठी नको होती. बाबांसाठी हवी होती, आणि तीही औषध म्हणून.

आमचे बाबा मूळचे पुण्याचे, पण रेल्वेतली सगळी नोकरी सिकंदराबादेत झाली आणि निवृत्तीनंतरही ते तिथेच राहिले. जेवणाला नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. आमटी तोंडात घातली की डाळ कधी भिजत घातली होती ते सांगायचे. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा एक घोट घेऊन आचाऱ्याला बोलावून घ्यायचे. माझ्या लग्नातही त्यांनी जिलबीच्या पाकावरून वाद घातला होता, आणि मुलीचा बाप असूनही घातला होता, म्हणून ती गोष्ट माझ्या सासरी बरीच वर्षं चघळली गेली. आईनं हे जन्मभर सोसलं. बाबा म्हणायचे की माझ्या बोलण्यामुळेच तुझ्या आईचा हात सुधारला. आई म्हणायची, हात पहिल्यापासून चांगलाच होता, या माणसाला कबूल करायला वेळ लागला.

आई गेली, भाऊ अमेरिकेत, आणि बाबा एकटे राहत होते. एका पावसाळ्यात त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला तेव्हा माणूस निम्मा झाला होता. मी त्यांना तारनाक्याला आमच्या घरी घेऊन आले. आमचं घर म्हणजे मी, माझा नवरा आणि माझ्या सासूबाई. मी चिक्कडपल्लीच्या एका बँकेत नोकरीला होते, त्यामुळे सकाळचा स्वयंपाक बहुतेक सासूबाईंच्या हातचा असे. बाबा पहिल्या दिवशी जेवायला बसले. वांग्याची भाजी होती. मी वाट बघत होते. बाबांनी घास खाल्ला आणि म्हणाले, "छान आहे."

दुसऱ्या दिवशी पिठलं. छान आहे. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्या बीदरकडच्या पद्धतीची, भरपूर चिंच घातलेली आमटी केली. तीही छान. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाले, अगं, तापानंतर जिभेला चवच उरलेली नाही. काहीही खाल्लं तरी ओला कागद चावल्यासारखं वाटतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, वाढाल ते चालतं मला.

खाणं दिवसेंदिवस कमी होत गेलं. भात एकदाच, पोळी एकच. कॉलर गळ्याभोवती सैल झाली, पँट पट्ट्यानं आवळून चुणीदार दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, कडक औषधांनी असं होतं कधीकधी, येईल चव हळूहळू, पण वजन असंच उतरत राहिलं तर मात्र कठीण आहे. आलं, लिंबू, मिरी, असं काहीतरी झणझणीत देत जा, जिभेला जागं करा. मी आल्याच्या वड्या केल्या, पाचक केलं, शेजारच्या तेलुगू बाईंकडून आवकाय, म्हणजे त्यांचं कैरीचं जहाल लोणचं, आणलं. आवकाय खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, आणि ते म्हणाले, "छान आहे." मला त्या शब्दाचा तिटकारा आला होता.

आणि त्याच सुमारास दारूबंदी उठली.

बाबा काही पिणारे नव्हते, पण रेल्वेच्या क्लबात अनेक वर्षं त्यांच्याकडे बारचं सेक्रेटरीपद होतं, आणि शनिवारी संध्याकाळी ते एक ग्लास घेत. रम, वरून जिंजर बिअर, अर्धं लिंबू, बस्स. मला लहानपणी क्लबच्या हिरवळीवर बसवून नुसती जिंजर बिअर देत. पहिल्या घोटाला नाकात झिणझिण्या यायच्या, दुसऱ्याला कान गरम व्हायचे. बाबा म्हणायचे, रम कुठलीही चालते, जिंजर बिअर कुठलीही चालत नाही. क्लबात आलेला क्रेट चाखून त्यांनी परत पाठवल्याचं मी स्वतः पाहिलंय. मला वाटलं, या जिभेला जागं करणारी एखादी गोष्ट जगात असेल तर ती हीच. डॉक्टरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, आठवड्यातून थोडीशी, काही हरकत नाही.

सासूबाईंना सांगायची मला धास्ती होती. पण त्या जुन्या निजाम राज्यातल्या शेतकरी घरातल्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं घरोघर सेंदी-ताडी पीत होते, मला काय त्याचं? फक्त बाटली देवाच्या कोनाड्याजवळ ठेवू नक्को." तेवढी एक अडचण सुटली. रम नवऱ्यानं आणली. आता राहिली होती फक्त जिंजर बिअर, म्हणजे त्यातली सोपी गोष्ट, अशी माझी समजूत.

पहिल्यांदा अर्थातच सिकंदराबादच्या जुन्या सोडा फॅक्टरीत गेले. क्लबला माल तिथूनच यायचा. फॅक्टरी म्हणजे मागे शेड आणि पुढे दुकान, काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. पाटी गेली होती. तिच्या जागी लाल रंगाचा मोठा झगझगीत फलक होता, आणि खाली तशाच लाल रंगाचा उभा फ्रिज, आत एका परदेशी कोल्याच्या बाटल्या ओळीनं उभ्या. म्हातारे मालक तेच होते. त्यांनी मला ओळखलं, बाबांची चौकशी केली. मी जिंजर बिअर मागितली, तर ते माझ्याकडे असं बघायला लागले की जणू मी टांगा मागितला.

"अब कौन पीता मॅडम वो? लोगां नक्को बोलते."

लोकांनी नको कधी म्हटलं, असं मी विचारलं. तुम्ही बनवायचं बंद केलंत म्हणून लोक पीत नाहीत, की लोक पीत नाहीत म्हणून बंद केलंत? तर हळूहळू सगळं बाहेर आलं. कंपनीची माणसं आली होती. त्यांनी फ्रिज फुकट दिला, फलक फुकट दिला, बाहेरची छत्री दिली. अट एकच होती. फ्रिजमध्ये दुसरं काही ठेवायचं नाही आणि मागच्या शेडमध्ये दुसरं काही बनवायचं नाही. आता शेडमध्ये कंपनीचे क्रेट होते. जुन्या जाड काचेच्या बाटल्या भंगारात गेल्या. मी म्हटलं, तुमच्या वडिलांनी, आजोबांनी उभा केलेला धंदा तुम्ही एका फ्रिजसाठी दिलात? ते चिडले. म्हणाले, मॅडम, तुम्ही वर्षातून एक बाटली पिणार आणि मला दुकान चालवायला सांगणार. बोलणं खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. त्यांनी जुन्या ओळखीखातर एक थंड कोला माझ्यापुढे उघडून ठेवला. मी तो तसाच काउंटरवर ठेवून आले.

मग सुरू झाली वणवण. बँक सुटली की मी लुनावर निघायची. आबिड्स झालं, हिमायतनगर झालं. कुणी आल्याच्या रंगाचा सोडा दिला, त्यात रंग खरा आणि बाकी सगळा एसेन्स. कुणी सर्दीवरचं सरबत पुढे केलं. बंजारा हिल्सवर परदेशी मालाचं नवं दुकान निघालं होतं, आत एसी, चकचकीत फरशी, आणि दारातच चप्पल निरखून बघणारा एक पहारेकरी. तिथे मला एक डबा दाखवला. डब्यावर आल्याचं सुंदर चित्र होतं. किंमत विचारून मी काउंटर धरला. पण म्हटलं, बाबांसाठी घेऊ. बारकाईनं बघितलं तर ती जिंजर बिअर नव्हती, जिंजर एल होती, ती साखरेचं पाणी असते, आणि तारखेवर एक नवी चिठ्ठी चिकटवलेली होती. मी चिठ्ठी नखानं खरवडायला लागले, तर तो गोरागोमटा विक्रेता म्हणाला, "मॅडम, सब सेमच है."

सेमच है. या दोन शब्दांनी माझं डोकं जेवढं फिरलं तेवढं कशानंच फिरलं नाही. मी पैसे दिले, तिथेच डबा उघडला आणि त्याच्या नाकाखाली धरला. म्हटलं, सांगा, यात आलं कुठे आहे? त्यानं वास घेतला, थोडा गोंधळला, आणि डबा उलटा करून मागचं वाचायला लागला. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, कृत्रिम स्वाद. इतक्या लांबून, समुद्र ओलांडून आलेल्या वस्तूत आलं नाही, आणि आमच्या मोंडा मार्केटात पोत्यानं आलं पडलेलं. हे त्याला सांगितलं, पण त्याला त्यात चमत्कारिक काही वाटलं नाही.

नवऱ्याच्या ओळखीतलं एक पुण्याचं जोडपं होतं, दोघंही कॉम्प्युटरवाले, नुकतेच इकडे आलेले. त्यांनी सांगितलं, नव्या हॉटेलच्या बारमध्ये बघा, तिथे सगळी कॉकटेलं मिळतात. गेलो. मेन्यूकार्डावर होतं बरं का, जिंजर बिअर घातलेलं कॉकटेल, इंग्रजीत वळणदार अक्षरांत. मी बारमनला म्हटलं, मला बाटली दाखवा. तो टाळाटाळ करायला लागला. शेवटी कबूल केलं की लिंबाच्या तयार सोड्यात चहासाठी किसलेल्या आल्याचा रस पिळतो आम्ही, गिऱ्हाइकाला कळत नाही. नवरा मला चिमटे काढत होता, चल म्हणून. मी का जाऊ? गिऱ्हाइकाला कळत नाही हे ज्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगितलं जातं, त्यानं निदान तोंड तरी उघडावं.

भावाला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, इथे वीस प्रकारच्या मिळतात. म्हटलं, मग एक तरी पाठव. म्हणाला, बाटल्या पाठवणं फार कटकटीचं असतं गं, पण बाबांना सांग, इकडे आले की पाजीन. बाबा इकडे धड जिना उतरू शकत नव्हते.

सासूबाई हे सगळं बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "अद्रकाच्या पाण्यासाठी एवढं कायकू फिरायलीस? घरी कुटून दे की सोड्यात." मी तेही करून बघितलं. पण ते आल्याचं सरबत होतं. जिंजर बिअर आंबवावी लागते, इडलीच्या पिठासारखी, तेव्हा साखर उतरते आणि आल्याचा तिखटपणा वर येतो. बाबा सरबत प्यायले, आणि काय म्हणाले ते सांगायला नको. मी मोरीत जाऊन तांब्या आपटला.

शेवटी क्लबातल्या जुन्या स्टुअर्डला गाठलं. क्लबातही आता कोलाच होता, लाल फ्रिजसकट. पण त्यानं एक उपयोगी गोष्ट सांगितली. लालागुड्याला रेल्वे क्वार्टर्समध्ये एक अँग्लो-इंडियन आंटी आहेत, निवृत्त गार्डच्या पत्नी, त्या नाताळाला घरी जिंजर बिअर करतात. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात. आंटी जाडजूड, फुलाफुलांचा फ्रॉक, हातात पीठ लागलेलं. मी बाबांचं नाव सांगताच त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"तुम्हारा डॅडी? वो मेरा बाटली वापस भेजा था."

बारा गावचं पाणी प्यायलेल्या बाईला वीसेक वर्षांपूर्वीची बाटली आठवत होती. क्लबच्या नाताळासाठी त्यांनी घरची जिंजर बिअर दिली होती, आणि बाबांनी ती चाखून परत पाठवली होती, फसफसत नाही म्हणून. ती बाटली माझ्या नवऱ्यानं रस्त्यात उघडून बघितली होती, त्यात माझी काय चूक, असं त्या मला सांगत होत्या, आणि मी बाबांची वकील असल्यासारखी माफी मागत होते. मग मी त्यांना बाबांचं आजारपण सांगितलं. चव गेली, खाणं सुटलं, वजन उतरलं. आंटींनी कमरेवरचे हात खाली घेतले. म्हणाल्या, नाताळ लांब आहे, पण करते, आठवड्यानं ये. बाटल्या मात्र परत आणून दे, अशा जाड काचेच्या आता मिळत नाहीत. आणि म्हणाल्या, या खेपेला त्यांनी नावं ठेवली तर मी स्वतः येऊन जाब विचारीन. मी म्हटलं, आंटी, त्यांनी नावं ठेवली तर मी तुम्हाला न्यायला येईन.

आठवड्यानं बाटल्या मिळाल्या, बुचं सुतळीनं बांधलेली. त्यातली एक तारनाक्याच्या चौकात लुनाच्या पिशवीतच फुटली. साडी चिकट, चप्पल चिकट, आणि ट्रॅफिकचा पोलीस वास घेत जवळ आला. मला त्याचाही राग आला नाही. कारण तो वास खरा होता. आल्याचा होता.

संध्याकाळी बाल्कनीत खुर्च्या टाकल्या. नवऱ्यानं पेला आणला, रम ओतली, मी बाटलीवर फडकं धरून बूच काढलं. कसा फेस आला म्हणून सांगू. लिंबू पिळलं. बाबांनी पेला हातात घेतला, नाकाशी नेला, एक घोट घेतला, तोंडात फिरवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी घोट गिळला, पेला खाली ठेवला, माझ्याकडे बघून हसले.

"छान आहे. फार त्रास घेतलास."

मी खुर्चीत मागे टेकले. इतके महिने, इतकी दुकानं, आणि हाती तोच शब्द. मला रडू यायला हवं होतं, पण आमच्याकडे रडू येण्याआधी राग येतो. मी त्यांचा पेला उचलला, मोठा घोट घेतला आणि सगळा राग त्या बिचाऱ्या आंटीवर काढला. म्हटलं, छान काय आहे यात? गोडमिट्ट झालीये. नुसती साखर ओतलीये बाईनं. हिच्यापेक्षा सोडा फॅक्टरीची शंभर पटींनी बरी होती.

"साखर नाही ती," बाबा म्हणाले. "गूळ आहे. साखरेत थोडा गूळ घातलाय, म्हणून ती गोडी मागे रेंगाळते. आणि लिंबू सालीसकट उकळलंय, शेवटी कडू येतं बघ. आलं मात्र चांगलं आहे, नवं आहे. तुला जीभच नाही."

बोलून झालं आणि बाबा थांबले. नवरा बाटलीकडे बघत होता. मी बाबांकडे बघत होते. ते पेल्याकडे बघत होते.

मी विचारलं, चव कधी आली?

बाबांनी पेला उचलला, परत खाली ठेवला. मी पुन्हा विचारलं. म्हणाले, तापानंतर पंधरा-वीस दिवस खरंच नव्हती. मग आली. मी म्हटलं, मग इतके दिवस काय चाललं होतं? मी गावभर हिंडले, लोकांशी भांडले, डॉक्टर वजन बघून मान हलवतात, आणि तुम्ही?

"लेकीच्या घरी राहतो मी," ते म्हणाले. "विहीणबाईंच्या हातचं खातो. नावं ठेवू? माझ्या तोंडाचा भरवसा नाही, तुला माहीत आहे. जीभ गेली म्हटलं की प्रश्न मिटतो. कुणी विचारत नाही, मलाही खोटं बोलावं लागत नाही."

"आणि जेवण? ते का कमी केलंत?"

"मुलीच्या घरी मागून जेवायचं?"

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला आधी कळलंच नाही. मग कळलं. भात एकदाच वाढला जायचा, कारण वाढणाऱ्याला वाटायचं, आजारी माणूस, हवं तर मागेल. आणि बाबा मागत नव्हते. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, माझा बाप अर्धपोटी उठत होता, आणि मी त्यांना भूक लागावी म्हणून बंजारा हिल्सवर डबे हुंगत होते. जुन्या रिवाजात मुलीच्या घरचं पाणीही पीत नसत म्हणे, आणि लोक हे कौतुकानं सांगतात. हा कसला मान? ज्या मुलाला बापानं काय खाल्लं याची खबर नाही, त्याच्या घरात म्हणे बापानं हक्कानं ओरडून आमटी मागावी. आणि जी मुलगी बापाला उचलून आणते, औषधं देते, अंघोळीचं पाणी काढते, तिच्या घरात बापानं पाहुण्यासारखं छान छान म्हणत वाळून जावं. मी हे सगळं बाल्कनीत उभं राहून मोठ्यानं बोलले. शेजारच्या तेलुगू बाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी खिडकी लावून घेतली नाही. बाबा ऐकत राहिले. मधे एकदा म्हणाले, "हळू बोल, आत विहीणबाई आहेत."

विहीणबाई आत नव्हत्या. बाल्कनीच्या दारातच उभ्या होत्या, हातात डाव. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"हौ का," त्या बाबांना म्हणाल्या. "म्हंजे माझ्या हातचं तुमी सोसायलात इतके दिवस. आता सांगा मला. माझ्या आमटीत काय कमी आहे?"

बाबा घाईघाईनं म्हणाले, काही नाही, छान असते. सासूबाई तशाच उभ्या राहिल्या. नवरा मधे काहीतरी बोलायला गेला, त्याला त्यांनी डावानंच गप्प केलं. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. मला त्यांची सुटका करायची नव्हती.

"चिंच जास्त होते," बाबा म्हणाले. "आणि फोडणीत मेथी जळते."

सासूबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्या आमटीवर त्यांच्या माहेरचा, सासरचा, साऱ्या बीदर मुलुखाचा अभिमान होता. त्या आत गेल्या. मला वाटलं, संपलं. आता उद्या बाबा बॅग भरतील, जायला जागा नसली तरी भरतील.

पानं मांडली. सासूबाईंनी वाढलं, भाताची मूद, आमटी, भाजी. बाबा खाली मान घालून जेवले. ताट स्वच्छ झालं. रोज या क्षणाला ते उठत. आज उठले नाहीत. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे नाही, सासूबाईंकडे बघितलं, आणि घसा साफ केला.

"विहीणबाई, अजून थोडा भात वाढा. आमटी नको."

सासूबाईंनी भात वाढला. चांगला दोन माणसांचा वाढला. आणि त्याच्यावर डावभर आमटी ओतली.

बाबांनी ती कालवली आणि नावं ठेवत ठेवत सगळी संपवली.